शिकारी रायफलीचे सर्वोपयोगी कॅलिबर

मोठ्या वन्य प्राण्यांच्या शिकारीसाठी एकाच रायफलीने सर्व कामे भागावीत, या अपेक्षेने निवडलेला नळीचा अंतर्व्यास व त्यास जुळणारे काडतूस म्हणजे सर्वोपयोगी कॅलिबर होय. कॅलिबर इंचांत (उदा., ०·३१५) किंवा मिमी.मध्ये (उदा., ७ × ५७ मिमी.; यातील दुसरा आकडा काडतुसाच्या कोशाची लांबी दर्शवितो) सांगतात. चितळापासून गव्यापर्यंतच्या प्राण्यांस पुरेसे बळ, सोसवेल असा प्रत्याघात, परवडणारी किंमत आणि काडतुसांचा अखंड पुरवठा या चार अटी अशा कॅलिबरने पुऱ्या कराव्या लागतात. भारतात या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः कायद्याने व काडतुसांच्या उपलब्धतेने ठरविले. क्षेपणशास्त्राचा वाटा दुय्यम राहिला.

तांत्रिक विचार : गोळीची गतिज ऊर्जा तिचे वजन व वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असते. तथापि प्राणी ऊर्जेच्या आकड्याने मरत नाही. गोळी हृदय, फुप्फुसे किंवा मज्जासंस्था यांपर्यंत पोहोचून तेथे पुरेशी इजा करते, तेव्हा तो मरतो. म्हणून गोळीचे वेधन आणि तिची घडण यांना ऊर्जेइतकेच महत्त्व आहे. व्यासाच्या मानाने जड व लांब असलेली गोळी खोलवर जाते. टोकाशी शिसे उघडे असलेली सॉफ्ट-नोज गोळी शरीरात शिरल्यावर पसरते व रुंद जखम करते; हरणवर्गीय प्राणी, रानडुक्कर, बिबट्या व वाघ यांसाठी ती योग्य मानली जाई. संपूर्ण धातूच्या आवरणाची गोळी पसरत नाही. हत्ती व गवा यांच्या जाड हाडांतून आरपार जाण्यासाठी ती वापरीत.

भारतातील मोठ्या प्राण्यांच्या वजनांत मोठी तफावत आहे. चितळाचा नर सु. ७० ते ८५ किग्रॅ., तर नीलगायीचा (रोहीचा) नर २०० किग्रॅ.हून अधिक भरतो. सांबराचा नर २०० ते ३०० किग्रॅ. व पूर्ण वाढलेला गवा ९०० किग्रॅ.च्या आसपास असतो. एवढ्या तफावतीला एकच काडतूस सारखेच योग्य ठरू शकत नाही. तडजोड अटळ असते. कॅलिबर वाढविले की प्रत्याघात व रायफलीचे वजन वाढते. प्रत्याघाताच्या धास्तीने नेमबाज चाप ओढताना दचकतो आणि नेम चुकतो. यामुळे आपल्याला पेलेल अशा मध्यम कॅलिबरची गोळी योग्य जागी बसविणे, हे न पेलणाऱ्या थोर कॅलिबरची गोळी भलत्या जागी बसविण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते.

वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत शेकडो हत्ती ७ × ५७ मिमी.च्या लहान काडतुसाने मारले. परंतु हत्तीच्या कवटीच्या रचनेचा त्याने केलेला बारकाईचा अभ्यास त्यामागे होता. सामान्य शिकाऱ्यास तो मार्ग घातकच ठरला असता. जिम कॉर्बेट हेही त्याच जातीची ०·२७५ रायफल वापरीत. तथापि धोक्याच्या कामगिरीसाठी ०·४५०/०·४०० ही दुनळी रायफल त्यांच्यापाशी असे. एका रायफलीवर सर्व भिस्त ठेवणे अनुभवी शिकाऱ्यांनाही नेहमी पसंत नव्हते, असे यावरून दिसते.

इतर देशांतील प्रयत्न : ‘स्वस्त व सर्वोपयोगी’ या कल्पनेचे चांगले उदाहरण म्हणजे ९·३ × ६२ मिमी. काडतूस होय. बर्लिनचे बंदूक-कारागीर ओटो बॉक यांनी ते १९०५ मध्ये तयार केले. आफ्रिकेतील जर्मन वसाहतींमधील शेतकऱ्यांना किमती दुनळी रायफल परवडत नसे. हे काडतूस नेहमीच्या लांबीच्या माउझर यंत्रणेत बसत असल्याने रायफल स्वस्तात बनविता आली. इंग्लंडमध्ये हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आणलेले ०·३७५ मॅग्नम हे सर्वोपयोगी कॅलिबरांत सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याची सु. १९·४ ग्रॅ. वजनाची गोळी दर सेकंदास सु. ७७० मी. आरंभवेगाने निघते आणि तिची ऊर्जा सु. ५,८०० जूल भरते. आफ्रिकेतील काही देशांत धोकादायक प्राण्यांच्या शिकारीसाठी हेच किमान कॅलिबर ठरविलेले आहे. मात्र त्यास लांब यंत्रणा लागत असल्याने रायफल महाग पडते. अमेरिकेत मूळ लष्करासाठी १९०६ मध्ये स्वीकारलेले ०·३०-०६ हे काडतूस शिकारीसाठीही सर्वत्र रूढ झाले. कारण ते प्रत्येक दुकानात मिळे.

भारतातील परिस्थिती : ब्रिटिश अमदानीत लष्कराचे ०·३०३ कॅलिबर सामान्य नागरिकास निषिद्ध होते. लष्करी काडतुसे खाजगी हातांत जाऊन बंडखोरांच्या उपयोगी पडू नयेत, हा त्यामागील हेतू होता. याच धोरणाने १९०७ च्या सुमारास ०·४५० कॅलिबरच्या आयातीवरही बंदी आली. परिणामी इंग्रज कारखानदारांनी ०·४६५, ०·४७० यांसारखी नवी थोर कॅलिबरे काढली. संस्थानिक व बडे अधिकारी यांना ती परवडत. मध्यमवर्गीय शिकाऱ्यास व जमीनदारास ती आवाक्याबाहेरची होती.

ही उणीव ०·३१५ इंची (८ मिमी.) कॅलिबरने भरून काढली. त्याचे काडतूस ऑस्ट्रियाच्या ८ × ५० मिमी. मानलिखर या लष्करी काडतुसावर आधारलेले आहे. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बीएसए) या कंपनीने ली-एनफील्ड जातीच्या बोल्ट यंत्रणेवर या कॅलिबरच्या रायफली बनवून भारतात विकल्या. यंत्रणा लष्करी रायफलीसारखी कणखर, परंतु कॅलिबर वेगळे, त्यामुळे ती कायद्याच्या चौकटीत बसली. स्वातंत्र्योत्तर काळात प. बंगालमधील ईशापूर येथील सरकारी रायफल कारखान्याने तशाच रायफली बनविल्या. पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात ०·३१५ ची काडतुसे तयार होऊ लागली. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी काडतुसे दुर्मिळ व महाग झाली, तेव्हा उंची विलायती रायफली काडतुसांअभावी पेटीत पडून राहिल्या आणि देशी ०·३१५ हीच सामान्य परवानाधारकाची रायफल झाली.

या काडतुसाची गोळी सु. १५·८ ग्रॅ. वजनाची असून तिचा आरंभवेग दर सेकंदास सु. ६२० मी. व ऊर्जा सु. ३,००० जूल आहे. ०·३०-०६ च्या सु. ३,९०० जूलांशी तुलना करता हे बळ बेताचेच होय. वेग कमी असल्याने गोळीचा मार्ग लवकर खाली झुकतो आणि लांबचा नेम अवघड होतो. परंतु मचाणावरून किंवा हाक्यात, दाट झाडोऱ्यात, नेम सहसा १०० मी.च्या आतच धरावा लागे. तेवढ्या पल्ल्यात जड व संथ गोळी सांबर, नीलगाय, रानडुक्कर, अस्वल व बिबट्या यांना पुरेशी होती. गव्यासाठी मात्र ती अपुरीच समजली पाहिजे.

जखमी प्राण्याचा प्रश्न : कॅलिबरची निवड हा केवळ हौसेचा विषय नव्हता. अपुऱ्या बळाच्या किंवा चुकीच्या जागी लागलेल्या गोळीने जखमी झालेला प्राणी रानात निसटे. पुढे तो हालहाल होऊन मरे किंवा माणसांस धोकादायक बने. कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे उजवीकडील सुळे पूर्वीच्या गोळीने मोडलेले होते. तिने मारलेल्या माणसांची संख्या ४३६ सांगितली जाते. एका चुकलेल्या नेमाची किंमत अशा रीतीने शिकाऱ्याशी संबंध नसलेल्या गावकऱ्यांना मोजावी लागे. जखमी प्राण्याचा माग काढून त्यास संपविणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य मानले जाई, ते यासाठीच. छऱ्याच्या बंदुकीने मोठे प्राणी केवळ जखमी होण्याचा संभव अधिक; म्हणून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या मूळ स्वरूपात मोठ्या शिकारीसाठी, खास परवानगी नसल्यास, रायफलच वापरण्याचे बंधन होते.

सद्यःस्थिती : या अधिनियमाने शिकार परवान्यांच्या चौकटीत आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही तरतूदच काढून टाकली. त्यानंतर भारतात हौसेखातर मोठ्या प्राण्यांची शिकार करणे हा गुन्हा आहे. अधिनियमाच्या कलम ११ नुसार, पहिल्या अनुसूचीतील प्राणी माणसाच्या जिवास धोकादायक झाला आणि त्यास पकडणे, भूल देणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नसले, तरच मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशाने त्यास मारता येते. नीलगाय व रानडुक्कर उभ्या पिकाची नासाडी करीत असल्यास त्यांच्याबाबतही अधिकृत आदेश लागतो. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा उल्लेख आहे, रायफलीच्या नाही. त्यामुळे ज्या शेतकऱ्याचे पीक रात्रीत उद्ध्वस्त होते, त्याच्यापुढे कॅलिबरच्या निवडीचा प्रश्न उरलेलाच नाही. त्याला हवी असते ती वेळेवर मिळणारी मदत.

पुणे जिल्ह्यात हा बदल स्पष्ट दिसतो. जुन्नर, खेड, आंबेगाव व शिरूर या तालुक्यांतील उसाच्या शेतांत बिबट्यांनी वस्ती केली आहे आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातही ते येतात. मार्च २०२२ मध्ये कुरुळी-निघोजे परिसरातील एका मोटारनिर्मिती कारखान्यात शिरलेल्या बिबट्यास भूल देऊन सुखरूप पकडण्यात आले. याउलट नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात माणसांचे बळी गेल्यानंतर एका बिबट्यास भूल देण्याचा प्रयत्न फसला व त्यास गोळी घालावी लागली. भुलीच्या बंदुकीतही औषधाची मात्रा, अंतर व नेमाची जागा अचूक असावी लागते. चुकलेल्या नेमाचे परिणाम तेथेही गंभीर असतात. साधन बदलले, तरी प्राण्यास विनाकारण यातना न देता आणि माणसास नवा धोका निर्माण न करता काम तडीस नेणे, ही जुनी कसोटी कायम राहिली आहे.