विनोदातून हक्काकडे



एरवी या पानावर आम्ही बेणे, खते आणि खोडव्याची निगा यांवर लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे, पण शेतकऱ्याच्या घरातलाच आहे.

आमचे मूळ गाव कोलाडजवळ, कुंडलिकेच्या काठी. तिथे आमची एक आत्या होती. लहानपणीच दृष्टी गेलेली, पण तोंडाची मोठी मिश्कील. एकदा लग्नात ऐन पंगतीत वीज गेली. एकच गलका झाला. आत्या म्हणाली, "ओरडताय कशाला? आता सगळे माझ्या बरोबरीचे झालात. बसा गप, मी वाढते!" सारा मांडव हसला.

पुढे आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली. हक्कसोडपत्रावर आत्याचा अंगठा घ्यायचा होता. "काय लिहिलंय ते वाचा तरी," ती म्हणाली. "तुला काय करायचंय? आम्ही सांभाळतोय ना!" असे उत्तर मिळाले. आम्ही तिथेच उभे होतो. हातात शेतकी पदविका होती, वाचता येत होते. तरी वाचून दाखवले नाही.

परवा आमच्या मुलीने मोबाईलवर मुंबईच्या निधी गोयल यांचा कार्यक्रम दाखवला आणि हे सारे आठवले.

निधीताईंचा जन्म १९८५ चा. लहानपणापासून चित्रांचा नाद, माणसांची चित्रे काढायची हे स्वप्न. १५ व्या वर्षी कळले की, डोळ्यांना बरा न होणारा विकार आहे. हळूहळू दृष्टी गेली, रंग सुटले. पण बाई घरात बसल्या नाहीत. स्त्रियांच्या आणि अपंगांच्या हक्कांचे काम त्यांनी हाती घेतले.

२०१५ पासून त्या 'स्टँड-अप कॉमेडी' करू लागल्या. म्हणजे एकट्याने माईकसमोर उभे राहायचे आणि लोकांना हसवायचे. आपल्या तमाशातला सोंगाड्या जसा पाटलालाही चार शब्द सुनावतो, तसाच हा प्रकार. अशा मंचावर आलेल्या देशातल्या पहिल्या अपंग महिला म्हणून त्यांचे नाव घेतात.

त्या विनोद कशावर करतात? अंध बाई दिसली की 'अरेरे' म्हणणाऱ्या डोळसांवर. तिला प्रेम, लग्न, संसार कशाला हवा, असे समजणाऱ्यांवर. आपण मात्र आजवर उलटेच केले. 'आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय' म्हणून आंधळ्यालाच हसलो. पीठ कोण खातंय, ते पाहिले नाही.

नुसते हसवून त्या थांबल्या नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी 'रायझिंग फ्लेम' ही संस्था काढली. २०२० च्या टाळेबंदीत अपंग महिलांचे काय हाल झाले, याचा अहवाल संस्थेने इतरांच्या सोबतीने तयार केला. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेच्या सल्लागार मंडळावरही त्यांनी काम केले.

आता आपल्या कामाचे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांतल्या १ कोटी १८ लाख स्त्रिया. २०१६ चा अपंग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. मालमत्ता बाळगणे, वारसा मिळणे, आपला पैसा आपण सांभाळणे आणि बँकेचे कर्ज घेणे, हे सारे हक्क अपंगांना इतरांच्या बरोबरीने आहेत, असे तो सांगतो. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल, तर शेतजमीन व घरवाटपाच्या सरकारी योजनांत ५ टक्के राखीव जागा आहेत, आणि त्यांत स्त्रियांना प्राधान्य आहे.

तेव्हा सभासदांना आमची विनंती आहे. शेअरला वारस लावताना किंवा सातबारावर नोंद करताना घरातली अंध, मुकी, पांगळी लेक-सून 'तिला काय कळतंय' म्हणून वगळू नका. तिचा अंगठा घेण्याआधी कागद शब्दन् शब्द वाचून दाखवा. घरात वाचणारे कोणी नसेल, तर शेतकी कार्यालयात निरोप द्या. आम्ही स्वतः येऊन वाचून दाखवू.

आत्यासाठी ते जमले नाही. आत्या आता नाही. त्या दिवशी अंगठा उठवल्यावर बोटाची शाई पुसत ती म्हणाली होती, "चला, अंगठा तरी माझाच होता ना?"

त्या विनोदाला मात्र कोणी हसले नव्हते.