चूळ भरायचे औषध : किती, कसे आणि किती दिवस?



पोलादपूरकडच्या एका बौद्धवाडीत विहारात आरोग्य तपासणी चालू होती. एका मावशींनी पिशवीतून गुलाबी औषधाची बाटली काढली. "ताई, तोंड आलंय म्हणून चार महिने ह्यानं चूळ भरते. झोंबायचं थांबतं, पण जखम भरत नाही." मावशी तरुणपणापासून मशेरी लावतात. टॉर्च धरून पाहिले, तर गालाच्या आत पांढरा चट्टा आणि त्याच्या मधोमध जखम. त्याच आठवड्यात त्यांना तुकडा तपासायला पाठवावे लागले.

औषध खोटे नव्हते. पण त्याचे काम काय आणि ते किती दिवस वापरायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून आज या बाटलीविषयी.

हे औषध काय करते?

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अशा बहुतेक बाटल्यांत क्लोरहेक्सिडीन असते. दातांवर आणि हिरड्यांच्या कडेला जंतूंचा चिकट थर बसतो, तो हे औषध कमी करते. हिरड्या सुजून रक्त येत असेल, दात काढला असेल किंवा तोंडात शस्त्रक्रिया झाल्यामुळे ब्रश करता येत नसेल, तेव्हा दाताचे डॉक्टर ते थोड्या दिवसांसाठी देतात. ते ब्रशची जागा घेत नाही. किडलेला दात किंवा दातावर जमलेला दगडासारखा थर त्याने जात नाही.

वापरायचे कसे?

१. आधी ब्रश करा आणि पाण्याने तोंड स्वच्छ धुवा. मग अर्धा तास थांबा. टूथपेस्टमधल्या फेसाने या औषधाचा जोर कमी होतो.

२. बाटलीच्या मापाने १० मिली, म्हणजे दोन छोटे चमचे औषध घ्या. बाटली तोंडाला लावू नका. पाणी घालायचे की नाही, हे लेबलवर किंवा चिठ्ठीत पाहा.

३. अर्धा ते एक मिनिट तोंडात खळखळवा आणि थुंकून टाका. गिळू नका.

४. नंतर अर्धा तास पाणी, चहा, जेवण काही नको. तोंड कडू लागले तरी लगेच पाण्याने चूळ भरू नका, नाहीतर औषध धुऊन जाते.

५. सकाळी एकदा, रात्री एकदा. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस, साधारण एक ते दोन आठवडे.

जास्त दिवस वापरले तर दात आणि जीभ तपकिरी होतात, चव बिघडते. चहा आणि मशेरीने हे डाग आणखी गडद होतात. दात काढल्यावर पहिले २४ तास कसलीच जोरात चूळ भरू नका. तिथे गोठलेले रक्त निघाले तर दुखणे वाढते.

या चुका टाळा

ज्या लहान मुलांना नीट थुंकता येत नाही, त्यांना हे औषध देऊ नका आणि बाटली त्यांच्या हाती लागू देऊ नका. औषध वापरल्यावर अंगाला खाज, तोंडाला सूज किंवा श्वासाला त्रास झाला, तर लगेच दवाखाना गाठा.

बेटाडीनच्या बाटल्या वेगवेगळ्या असतात. जखमेला लावायचे बेटाडीन तोंडात घेऊ नका. गुळण्यांची बाटली वेगळी मिळते. तिच्यात आयोडीन असते. म्हणून थायरॉइडचा आजार असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरू नये. डेटॉल आणि सॅव्हलॉन तर पाणी घालूनही तोंडात घ्यायचे नाही.

काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असते. आपल्याकडे बरेच जण विचारतात, हे चालते का? त्याने आलेले तोंड झोंबते आणि कोरडे पडते. अल्कोहोल नसलेली बाटली मिळते, ती मागा. पाचवे शील बाटलीचे लेबल वाचताना आठवते, तसे मशेरीची डबी उघडतानाही आठवावे.

साधे तोंड आले असेल, तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरली तरी आराम पडतो. त्याला पैसे लागत नाहीत.

पण दोन आठवडे झाले, तर थांबू नका

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, गिळताना त्रास, तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांपैकी काहीही असेल तर चूळ बंद करून तोंड दाखवा. मशेरी, तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांनी तर नक्कीच. औषधाने दुखणे दबते आणि आपण गाफील राहतो. आत कर्करोग असेल तर तो वाढत राहतो. लवकर सापडला तर तो बरा होऊ शकतो.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा. पुढचे उपचार लागले, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

१९२७ च्या डिसेंबरात याच महाडात बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना समोर बसवून स्वच्छ राहायला आणि मुलींना शिकवायला सांगितले होते. त्या बायांनी ते मनावर घेतले, म्हणून आज मी नर्स होऊन हे लिहू शकते. आता आपली पाळी. येत्या पौर्णिमेला वंदना झाली की विहारात एक टॉर्च घेऊन बसा आणि घरातल्या मशेरी लावणाऱ्या प्रत्येक आजीला, आईला, मावशीला "आ" करायला सांगा.