सहासष्ट चौकोन

गोधडीचा खरा हंगाम उन्हाळा. पेरणीआधी शेतात काम नसतं, ऊन कडक असतं, धुतलेली लुगडी तासाभरात खडखडीत वाळतात आणि ओसरीवर थर अंथरून चार बायका चार कडांना बसतात. शहरात आलेल्या आमच्यासारख्यांनी हा हंगाम थंडीत आणला, कारण तीन-चार थरांचं ओझं मांडीवर घेऊन बसणं तेव्हाच सुखाचं वाटतं. फराळाचे डबे रिकामे व्हायला लागले की मी माळ्यावरचं गाठोडं खाली काढते. आईची मऊ पडलेली पातळं पोटात, वर जुन्या खणांचे आणि परकरांचे तुकडे. कडेपासून धावदोरा घालत आत यायचं. एक फेरा पुरा झाला की बोटभर अंतर सोडून दुसरा. मधेच उठून ओट्यावरचं पावाचं पीठ कितपत फुगलंय ते बघायचं, कारण थंडीत यीस्टला घाई चालत नाही. आणि हात दुखायला लागले की पाककृतींच्या जुन्या हस्तलिखित वह्या घेऊन बसायचं. या वह्या मी वर्षानुवर्षं जमवत आले आहे. त्यांत पदार्थाच्या नावाआधी माणसाचं नाव असतं: कुठल्या तरी वहिनींच्या चकल्या, नागपूरच्या मावशींचं लोणचं, शाळेतल्या बाईंची नानकटाई.

या सगळ्याला 'रिकामपणाचे उद्योग' म्हणणारी माणसं मला आयुष्यभर भेटत आली. त्यांच्याशी वाद घालायचं मी एका कॅनेडियन बाईची गोष्ट कळल्यावर सोडलं. शिवण, भाजणं आणि पाककृती उतरवून घेणं, हे माझे तिन्ही नाद तिच्या आयुष्यात एकत्र आले होते आणि तेही अशा जागी, जिथे थंडी नव्हती, ओव्हन नव्हता आणि पोटभर भातसुद्धा नव्हता.

तिचं नाव एथेल मलव्हेनी. जन्म १९०४ चा, माहेरचं आडनाव रॉजर्स. कॅनडात ह्युरॉन सरोवरामध्ये मॅनिटूलिन नावाचं बेट आहे, सरोवरातल्या बेटांमध्ये जगात सगळ्यात मोठं. ती तिथली. तिकडचा हिवाळा महिनोन्‌महिने चालतो. उत्तर अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत या दिवसांत लाकडी चौकटीवर गोधडी ताणून बसवायची आणि शेजारणींनी तिच्या चारी बाजूंनी बसून एकत्र टाके घालायचे, अशी जुनी रीत. ज्या घरी चौकट मांडलेली, त्या घरी भट्टीत काहीतरी भाजलं जाणारच.

याच रीतीची एक शाखा मला फार मोलाची वाटते. ती नावांच्या गोधड्यांची. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी पैसे उभे करायचे म्हणून गावोगावच्या बायकांनी पांढऱ्या कापडावर लोकांची नावं भरली. थोडे पैसे द्यायचे आणि आपलं नाव भरून घ्यायचं. पुढे ती सबंध गोधडी विकायची किंवा लिलावात काढायची. 'मॉडर्न प्रिसिला' या अमेरिकन मासिकाने तर डिसेंबर १९१७ च्या अंकात अशा एका गोधडीतून हजार डॉलर कसे जमवावेत याचा आराखडाच छापला होता. एथेल तेव्हा तेरा वर्षांची होती. पुढे तिच्या हातून जे घडलं त्याचं मूळ मी इथे शोधते.

मधली वर्षं भराभर सांगते. शिक्षण, भटकंती, पूर्वेकडचा प्रवास, भारतात एका ब्रिटिश लष्करी डॉक्टरशी लग्न, इथला काही वर्षांचा संसार, मग नवऱ्याची सिंगापूरला बदली. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. त्यानंतरची त्या शहराची गोष्ट मराठी वाचकाला आझाद हिंद सेनेमुळे पाठ आहे, तेव्हा ती सोडून देते. मला जायचं आहे त्याच शहराच्या पूर्व टोकाला, चांगीच्या तुरुंगात.

हा तुरुंग १९३६ साली ६०० कैद्यांसाठी बांधलेला. ८ मार्च १९४२ ला गोऱ्या आणि युरेशियन नागरिकांपैकी बायकामुलांना पायी चालवत तिथे आणलं. सुरुवातीला बायकामुलंच सुमारे चारशे होती, आणि भिंतीपलीकडच्या भागात पुरुष त्यांच्या कितीतरी पटींनी जास्त. बऱ्याच जणींचे नवरे त्याच तुरुंगात होते. सैन्यातले नवरे काही मैलांवरच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. पत्र लिहायला परवानगी नाही. आपलं माणूस जिवंत आहे की नाही, हेही कितीतरी जणींना ठाऊक नव्हतं.

एथेल या बायकांची रेडक्रॉस प्रतिनिधी झाली. पहारेकऱ्यांबरोबर शहरात जाऊन छावणीच्या पैशांतून काही खाण्याचं आणायची परवानगी तिने मिळवली. आणि मग तिने प्रत्येकीच्या हातात पांढऱ्या कापडाचा एकेक चौकोन दिला. त्यावर स्वतःचं असं काहीतरी भरायचं आणि नाव घालायचं, एवढीच अट. कुणी फुलं भरली, कुणी घर, कुणी जहाज. एकीने गजांची खिडकी असलेली कोठडीच भरली. दोरा जुने कपडे उसवून काढलेला.

असे ६६ चौकोन जोडले की एक गोधडी. अशा तीन झाल्या: एक जखमी ब्रिटिश सैनिकांसाठी, एक ऑस्ट्रेलियन सैनिकांसाठी आणि एक जखमी जपानी सैनिकांसाठी. ती तिसरी केली म्हणून पहिल्या दोन तुरुंगाबाहेर जाऊ शकल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटतं. पण जपान्यांसाठीच्या गोधडीतही चौकोन ६६ च आहेत. नुसती परवानगी काढायची होती तर लहानशा तुकड्यावर भागलं असतं. सुई मिळायची मारामार असताना या बायकांनी एक तृतीयांश कष्ट कैद करणाऱ्यांच्या जखमींवर घातले. तीत डावपेच होता हे मान्य करूनही मला त्या ६६ चौकोनांकडे निव्वळ डावपेच म्हणून बघता येत नाही.

ऑस्ट्रेलियन गोधडीच्या पाठीवर एक मजकूर आहे. चांगीच्या छावणीतल्या बायकांकडून ही जखमी ऑस्ट्रेलियन सैनिकांना भेट, त्यांच्या यातनांबद्दल सहानुभूतीपूर्वक; लढाई थांबल्यावर ती ऑस्ट्रेलियन रेडक्रॉसला द्यावी अशी इच्छा; साल १९४२. आणि शेवटी एक सूचना: ही गोधडी ड्रायक्लीन करून घेतलेली बरी. या ओळीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबते. दोऱ्याचा रंग पाण्यात उतरेल हे ज्या हातांना कळतं, त्याच हातांनी ती लिहिली आहे. लढाई संपेल, गोधडी टिकेल, ती मळेल, कुणीतरी धुवायला काढेल, एवढा सगळा भविष्यकाळ तीत गृहीत धरलेला आहे.

आता वादाचं. या गोधड्यांबद्दल जे लोकप्रिय लिखाण होतं, त्यात 'गुप्त संदेश' हा शब्द हटकून येतो. प्रत्येक फुलात सांकेतिक अर्थ, प्रत्येक सशात बाळाच्या जन्माची बातमी. काही चौकोनांत नवरा-बायकोलाच कळतील अशा खुणा असतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सगळी गोधडी हेरगिरीच्या कथेसारखी वाचायला लागलं की समोर ढळढळीत दिसणारी गोष्ट निसटते. चौकोनावर नाव होतं. ती गोधडी सैनिकी रुग्णालयात पोचली, खाटेवर पसरली गेली, आणि कुणीतरी ते नाव वाचून दुसऱ्याला सांगितलं की संदेश पोचला. 'मी जिवंत आहे, माझा हात चालतो आहे.' याहून गुप्त काही सांगायची त्या वेळी गरज नव्हती. रेडक्रॉसच्या त्या जुन्या नावांच्या गोधड्यांत नाव घालायला पैसे पडत; इथे नाव हीच सगळी भेट होती.

त्याच तुरुंगात आठ ते सोळा वर्षांच्या मुलींनी आणखी एक गोधडी केली, आपल्या गर्ल गाइड पथकाच्या बाई एलिझाबेथ एनिस यांना वाढदिवसाला द्यायला. जुन्या कपड्यांचे षट्कोनी तुकडे, फुलासारखे जोडलेले, आणि मुलींची नावं. ती आता लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. मोठ्या बायकांच्या तीन गोधड्यांपैकी दोन कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये आहेत आणि एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे.

सुरुवातीचे महिने गेले तशी भूक वाढत गेली. या भुकेला एक विलक्षण साक्षीदार होती. डॉ. सिसिली विल्यम्स. आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये, प्रथिनांच्या अभावी मुलांना होणाऱ्या रोगाचं वर्णन जिने केलं आणि 'क्वाशिओरकोर' हे तिथल्या भाषेतलं नाव १९३५ साली वैद्यकात आणलं, तीच ही. १९३९ मध्ये याच सिंगापूरमध्ये तान्ह्या मुलांना डब्यातलं गोड दूध पाजायला लावणाऱ्या जाहिरातबाजीवर तिने जाहीर भाषण केलं होतं आणि त्याला 'दूध आणि खून' असं नाव दिलं होतं. कुपोषणाची जाणकार बाई स्वतः कुपोषितांच्या छावणीत. ऑक्टोबर १९४३ मध्ये केंपेताय या जपानी लष्करी पोलिसांनी तुरुंगावर धाड घातली, तेव्हा पकडून नेलेल्यांत तीही होती. काही महिने तिने त्यांच्या पिंजऱ्यात काढले. तिच्याबरोबर नेली होती फ्रेडी ब्लूम, छावणीच्या वार्तापत्राची संपादक.

या भुकेवर एथेलने काढलेला उपाय पहिल्यांदा वाचला तेव्हा मला क्रूर वाटला होता. बायका एकत्र बसत आणि जेवणाचा बेत करत. नुसता बोलून. कोणतं सूप, त्यानंतर काय, गोड काय. मग एकेकीने आपापली कृती सांगायची. या कृती आधी मिळेल त्या कागदावर आणि पुढे तुरुंगाच्या जुन्या हिशेबवह्यांत उतरवल्या गेल्या. त्यांत केक, पाय, पुडिंगं असं भाजण्याचं आणि गोडाधोडाचं पुष्कळ.

भाजणाराच हे नीट समजू शकेल. भाजी अंदाजाने सांगता येते, आमटीही. केक अंदाजाने सांगता येत नाही. लोणी किती, साखर किती, अंडी किती, आधी काय फेटायचं, मैदा कशाबरोबर चाळायचा, भट्टी किती तापलेली हवी, हे सगळं क्रमाने आठवावं लागतं. एकीने चूक केली की दुसरी दुरुस्त करणार, तिसरी म्हणणार की आमच्याकडे ताक घालतात. भुकेने मेंदू रिकामा झालेला असताना असं आठवत बसणं म्हणजे मनाला दिलेलं काम. एथेलने पुढे सांगून ठेवलं आहे की या बोलण्यातल्या जेवणांनंतर बायकांना बरं वाटायचं. आता माझा त्यावर विश्वास बसला आहे. वाळूच्या कढईत नाहीतर बेकरीत पत्रे देऊन दिवाळीची नानकटाई भाजून आणणाऱ्या आपल्या आयाआज्यांनीही हेच केलं असतं.

आपल्याकडे लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आलं. संसाराला लागणाऱ्या मुलीच्या हाताशी असावं असं पुस्तक. पाकपुस्तक म्हणजे उद्याच्या स्वयंपाकासाठी, ही आपली समजूत. चांगीच्या वह्यांपुढे कुठलंच उद्याचं स्वयंपाकघर नव्हतं. तरी त्या एकट्या नाहीत. नाझींच्या तेरेझिन छावणीत मिना पेक्टर आणि तिच्या सोबतिणींनीही अशाच कृती लिहिल्या. मिना १९४४ मध्ये तिथेच गेली. जाण्यापूर्वी तिने ते कागद मुलीला पोचवायला एका मित्राच्या हाती दिले. ते न्यूयॉर्कमध्ये मुलीच्या हाती पडेपर्यंत पंचवीस वर्षं उलटली होती. पुस्तक निघालं १९९६ साली.

एथेलच्या वह्यांना एवढी वाट पाहावी लागली नाही, पण तिने स्वतः मोजलेली किंमत मोठी होती. तिला मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार होता. कैदेतले शेवटचे काही महिने तिने एकांतकोठडीत काढले. सुटून कॅनडाला परतली ती खंगलेली. त्या अवस्थेत तिने १९४६ मध्ये टोरोंटोमध्ये त्या वह्या छापून घेतल्या. उपाशी युद्धकैद्यांनी जमवलेल्या पाककृती, असं पुस्तकावर सरळ लिहिलं. २०,००० प्रती गेल्या, १८,००० डॉलर जमले. त्या पैशांतून इंग्लंडच्या रुग्णालयांत पडलेल्या माजी युद्धकैद्यांसाठी तिने संत्री, चहा आणि सिगारेटी पाठवल्या. सुझॅन एव्हान्स यांनी २०२० मध्ये तिचं चरित्र लिहिलं, त्यात या पुस्तकाचीही गोष्ट आहे.

त्यानंतरचा तिचा उद्योग आपल्या जास्त जवळचा आहे. १९५० च्या दशकात तिने 'ट्रेझर व्हॅन' नावाचं फिरतं प्रदर्शन उभं केलं. वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ऑफ कॅनडा या संस्थेतर्फे कॅनडाच्या विद्यापीठांत भारतातल्या आणि इतर देशांतल्या कारागिरांच्या हातच्या वस्तू विकायच्या आणि पैसा विद्यार्थ्यांच्या कामाला लावायचा. बर्फात गारठलेल्या आवारात मुलं-मुली गर्दी करून या वस्तू घ्यायच्या. आपल्याकडे हस्तकलांच्या पुनरुज्जीवनावर लिहिलं जातं तेव्हा सरकारी मंडळं येतात, मोठ्या घरच्या बायका येतात, एम्पोरियमं येतात. मॅनिटूलिनच्या या बाईला त्यात निदान एक परिच्छेद मिळावा, असं मला फार वाटतं. भारतातल्या संसाराच्या वर्षांत इथल्या हातांचं काम पाहिलेलं होतं म्हणूनच तिला ते विकावंसं वाटलं असावं.