फोटोत काही आलं नाही, म्हणजे गुडघा चांगला?

डोणगाव भागात सोयाबीनचं निंदण निघालं की बाया दिवसभर उकिडव्या बसून सरी धरतात. चाळिशी उलटली की उठताना हात आधी गुडघ्यावर जातो. मग कुणीतरी मेहकरला नेऊन गुडघ्याचा फोटो काढतं. फोटोत काही आलं नाही तर घरचे म्हणतात, "काही नाही, वयाचं आहे." काही आलंच तर शेजारीपाजारी सांगत सुटतात, "गुडघ्यात गॅप पडली."

या गॅपची गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी. एक्स-रेमध्ये मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये काळी फट दिसते. ती रिकामी नसते. दोन्ही हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीची गुळगुळीत कूर्चा असते आणि मधे मेनिस्कस नावाच्या चकत्या. हाडातल्यासारखं कॅल्शियम त्यांत नसल्यामुळे फिल्मवर त्या वेगळ्या उमटत नाहीत. म्हणजे फट असणं हेच चांगलं. ती अरुंद होत जाणं हा आजार आणि हाडाला हाड टेकणं ही त्याची शेवटची पायरी. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली याच फटीवरून आणि हाडाच्या कडेला वाढलेल्या टोकांवरून ० ते ४ अशा श्रेणी ठरवल्या. रिपोर्टवर 'ग्रेड टू', 'ग्रेड थ्री' असं लिहून येतं ते तिथूनच.

फोटो कसा काढला यावरही बरंच अवलंबून असतं. झोपवून काढला तर गुडघ्यावर भार नसतो, त्यामुळे झिजलेल्या गुडघ्यातही फट रुंद दिसू शकते. दोन्ही पायांवर उभं करून काढलेला फोटो खरी अवस्था जास्त दाखवतो. पाकिटातली जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी धरून "बरं झालं" किंवा "वाढलं" म्हणण्याआधी दोन्ही उभ्यानं काढल्या होत्या का, हे विचारावं.

"दुखत नाही तोवर झीज नाही" हा समजही खोटा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, संवेदना नेणारे तंतूही नसतात. झीज सुरू होते तेव्हा कूर्चा स्वतः काही कळवत नाही. कळ येते ती खालच्या हाडातून आणि सांध्याच्या अस्तरातून. रक्तपुरवठा नसल्यामुळे कूर्चा सहजी भरूनही येत नाही.

झिजेची ही सुरुवात पकडू शकतो तो एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात. चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्याचा ठाव घेतला जातो आणि कूर्चेत निम्म्याहून बरंच जास्त पाणीच असतं. साध्या एमआरआयवर कूर्चेची चीर, पातळ झालेली जागा, हाडाच्या आतली सूज दिसते. टी-टू मॅपिंग ही एमआरआयचीच एक खास पद्धत त्याच्याही आधीचं टिपते. जाडी कमी होण्यापूर्वीच कोलॅजनची जाळी विस्कटते, आत पाणी वाढतं आणि रंगीत नकाशावर तो भाग वेगळा दिसतो. मला हे तंत्र फार मोलाचं वाटतं. पण त्याचे आकडे यंत्रागणिक बदलतात, त्यामुळे आज त्याचा वापर मुख्यतः संशोधनात होतो.

म्हणून "सगळ्यांनीच एमआरआय काढून घ्यावा" असं म्हणणंही चूक. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या ७१० जणांचा अभ्यास झाला आणि तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे एक्स-रे झीज नसलेले होते, तरी ८९ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये काही ना काही बिघाड निघाला. न दुखणाऱ्या गुडघ्यांतही तो जवळपास तितकाच होता. असा रिपोर्ट हातात पडला की माणूस घाबरतो, चालणं सोडतो आणि त्यानंच गुडघा आणखी बिघडतो. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेची २०२२ची सूचना स्पष्ट आहे: वय ४५ किंवा त्याहून जास्त, हालचालीनं दुखणं, सकाळचा आखडलेपणा नसणं किंवा अर्ध्या तासाच्या आत जाणं, एवढ्यावर निदान करावं. फोटोची सरसकट गरज नाही.

एमआरआयचा खरा उपयोग वेगळ्या माणसाला आहे. कबड्डीत गुडघा मुरगळून लगेच सुजलेला पोरगा, मधेच गुडघा अडकणारा किंवा चालताना पाय निसटणारा माणूस. आतला लिगामेंट किंवा मेनिस्कस फाटलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना १० ते २० वर्षांत सांध्याची झीज होते. इथं "मालिश करू, बसेल" म्हणून वेळ घालवू नये. आणि गुडघा गरम, लाल, सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो.

झालेली झीज भरून काढणारं खात्रीचं औषध आज नाही. मात्र वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत करायला यंत्र लागत नाही: खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, मांडी घट्ट ताणून पाचपर्यंत मोजायचं, सावकाश खाली आणायचा. निंदताना उकिडवं बसण्याऐवजी छोटा पाट घ्यावा आणि दर थोड्या वेळानं उठून सरीच्या टोकापर्यंत चालून यावं.