संगणक सुरू होतांना नेटवर्क कां अडतें? सोसायट्यांच्या कचेऱ्यांसाठीं कांहीं अनुभवाच्या सूचना

धानाच्या बांधींत पाणी पोंचलें नाहीं, तर जाणता कास्तकार बांधींत उभा राहून तलावास दोष देत बसत नाहीं. तो धुऱ्याधुऱ्यानें पाटाच्या वरच्या अंगास चालूं लागतो आणि जेथें पाणी अडलें असेल तेथेंच फावडें लावतो. आमच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत मालगुजारी काळापासूनच्या तलावांवर शेती करणाऱ्यांस ही गोष्ट कोणीं शिकवावयास नको. परंतु सोसायटीच्या कचेरींतील संगणकाविषयीं मात्र हा विवेक आपण सोडून देतों. "आज नेट नाहीं" एवढें वाक्य कानीं पडलें कीं चौकशी संपते, आणि चार-पांच कोसांवरून आलेला मनुष्य मुकाट्यानें परत फिरतो.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, सातबाऱ्याचा उतारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, पीक-कर्जाचे कागद व धान विक्रीची नोंदणी हीं कामें आतां संगणकावाटे होतात. पटवाऱ्याच्या बस्त्यांतून निघणारा कागद आज पडद्यावरून निघतो. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर आला म्हणजे भामरागडचा रस्ता बंद होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. अशा प्रदेशांत ज्यास आज काम न होतां परत जावें लागलें, तो उद्यां येऊं शकेलच असें नाहीं. कर्जाची वा विम्याची मुदत मात्र कोणाकरितां थांबत नाहीं.

ज्या कचेऱ्यांत लिनक्स ही कार्यप्रणाली वापरतात, त्यांच्यापुरताच हा लेख आहे. हेलसिंकी येथील विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें इ. स. १९९१ मध्यें तिचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला, व पुढें जगांतील हजारों लोकांनीं तींत भर घातली. तिच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात, आणि जुन्या, कमी शक्तीच्या यंत्रावरहि त्या बऱ्या चालतात. आपल्या देशांत सी-डॅक या सरकारी संस्थेनें डेबियन या आवृत्तीच्या आधारानें 'बॉस' नांवाची लिनक्स तयार केली असून तींत भारतीय भाषांची सोय आहे.

संगणकाची कळ दाबल्यापासून नेटवर्क चालू होईपर्यंत पांच गोष्टी क्रमानें घडतात. प्रथम प्रणालीचा गाभा यंत्रांतील लॅन कार्ड ओळखतो व त्यास चालविणारा ड्रायव्हर जोडतो. नंतर त्या कार्डास एक नांव मिळतें. तिसरें, केबलच्या दुसऱ्या टोकास कोणी जागें आहे कीं नाहीं हें कार्ड पाहतें. चौथें, संगणक राउटरजवळ पत्ता मागतो व राउटर तो देतो. पांचवें, बाहेर जाण्याची वाट कोणती, व संकेतस्थळांच्या नांवांचे पत्ते कोणास विचारावयाचे, हें संगणक टिपून ठेवतो. या पांचांपैकीं एक अडलें कीं पुढचें सारें अडतें, आणि कचेरींत येणाऱ्यास फळ मात्र प्रत्येक वेळीं एकच दिसतें.

आतां माझाच अनुभव सांगतों. मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. यंत्रविद्येचें शिक्षण मला नाहीं. निवृत्तीनंतर आमच्या भागांतील एका सोसायटीचें दप्तर पाहण्याचें काम मजकडे आलें. एका जुलै महिन्यांत जवळच वीज पडली आणि कचेरींतील संगणकाचें लॅन कार्ड जळालें. तालुक्याच्या गांवाहून कारागीर आला. त्यानें नवें कार्ड बसविलें, कार्डाचे दिवे लागलेले दाखविले आणि तो गेला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं यंत्र सुरू केलें, तों नेटवर्क नाहीं. लाइनींतच बिघाड असावा असें मीं मनाशीं ठरविलें, तक्रार नोंदविली आणि तीन दिवस वाट पाहिली. त्या तीन दिवसांत पीक-विम्याच्या कागदांसाठीं आलेले कास्तकार मीं परत पाठविले. त्यांत एक विधवा बाई होत्या. नवऱ्यामागें जमिनीस त्यांचें नांव लागलें होतें. त्या फेरफाराची नक्कल त्यांस हवी होती. त्या दोनदां आल्या आणि दोनदां रिकाम्या हातानें गेल्या. चौथ्या दिवशीं लाइनमन आला. त्यानें आपला संगणक आमच्या राउटरला लावला आणि नेट चालू असल्याचें दाखवून दिलें. दोष आमच्याच यंत्रांत होता, व तो दूर करण्यास पुढें दहा मिनिटेंहि लागलीं नाहींत.

तो दोष नांवाचा होता. पूर्वी लिनक्स पहिल्या कार्डास 'ईथ-०', दुसऱ्यास 'ईथ-१' अशीं नांवें देत असे. पण कार्डें दोन असलीं तर आधीं कोणतें सांपडेल याचा नेम नसे, व नांवांची अदलाबदल होई. ती टाळावी म्हणून सिस्टिमडी या आरंभ-व्यवस्थेनें इ. स. २०१३ मध्यें कार्डाचें नांव त्याच्या बैठकीवरून ठरविण्याची रीत आणली, आणि डेबियननें ती २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून स्वीकारली. 'ईएन-पी-३-एस-०' या नांवाचा अर्थ असा: तारेचें कार्ड, पीसीआय वाहिनी तिसरी, खांच शून्य. बिनतारी कार्डाचें नांव 'डब्ल्यूएल' या अक्षरांनीं सुरू होतें. अर्थात् कार्डाची जागा बदलली कीं नांव बदललें. आमच्या फाइलींत जळालेल्या कार्डाचें 'ईएन-पी-२-एस-०' हें नांव तसेंच होतें, आणि जागेवर 'ईएन-पी-३-एस-०' बसलें होतें. महसुली भाषेंत सांगावयाचें तर कब्जा एकाचा व सातबाऱ्यावर नांव दुसऱ्याचें! यंत्र सुरू होतांना कागदावरील नांवास हांक मारी. त्या नांवाचें कोणी नसे. आणि नवें कार्ड हांक न आल्यामुळें स्वस्थ बसे. त्या बाईंच्या फेरफाराच्या आड आमच्या यंत्राचा न झालेला फेरफार आला होता.

यावरून तपासणीचा जो क्रम मीं ठरविला, तो देतों. आज्ञा टर्मिनलच्या खिडकींत रोमन अक्षरांनीं टंकावयाच्या असतात. येथें त्यांचे उच्चार दिले आहेत.

(१) दिवे व केबल. कार्डाच्या तोंडाशीं असलेला बारीक दिवा लागला आहे काय, तें पाहावें. नसल्यास केबल काढून पुन्हां घट्ट बसवावी, राउटरची दुसरी जागा वापरावी, दुसरी केबल लावून पाहावी. धान्याच्या गोदामाला लागून कचेरी असेल तर उंदीर केबल कुरतडतात, हें विसरूं नये. तांब्याची लॅन केबल १०० मीटरपेक्षां लांब असूं नये.

(२) कार्ड व त्याचें नांव. 'आयपी लिंक' ही आज्ञा द्यावी. यादींतील 'एलओ' हें नांव यंत्राचें स्वतःशीं बोलण्याचें असतें, तें सोडावें. त्याखेरीज दुसरें नांवच नसेल तर कार्ड ओळखलें गेलें नाहीं, किंवा त्याचा ड्रायव्हर नाहीं असें समजावें. अशा वेळीं 'डीमेसग' या आज्ञेनें गाभ्याच्या नोंदी वाचाव्या. तेथें 'फर्मवेअर' मिळालें नाहीं अशी नोंद असल्यास तें निराळें बसवावें लागतें. बिनतारी कार्डांत हा दोष विशेष आढळे. डेबियनच्या २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर स्थापनेच्या संचांतच येतें. नांवासमोर 'नो-कॅरिअर' असें दिसल्यास पहिल्या पायरीकडे परत जावें.

(३) नांव व फाइल यांचा मेळ. डेबियनमध्यें 'ईटीसी' या कपाटांत 'नेटवर्क' नांवाचा खण असतो व त्यांत 'इंटरफेसेस' नांवाची फाइल असते. उबुंटूच्या सर्व्हर आवृत्तींत हें काम 'नेटप्लॅन' खणांतील फाइल करते. फाइलींतील नांव व 'आयपी लिंक' नें दाखविलेलें नांव अक्षरशः एक पाहिजे. बदल करण्यापूर्वीं मूळ फाइलीची नक्कल ठेवावी, आणि नांव जितक्या ओळींत असेल तितक्या ओळींत बदलावें. कांहीं यंत्रांत नेटवर्क-मॅनेजर हा प्रोग्राम सर्व व्यवस्था पाहतो. परंतु 'इंटरफेसेस' फाइलींत ज्या कार्डाचें नांव आहे, त्यास तो सहसा हात लावीत नाहीं. एकाच कार्डास दोन धनी करूं नयेत.

(४) पत्ता. 'आयपी अ‍ॅड्र' या आज्ञेनें कार्डास मिळालेला पत्ता दिसतो. तो १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर राउटरनें पत्ता दिलेला नाहीं, यंत्रानें आपला आपणच घेतला आहे, असें जाणावें. अशा पत्त्यावर बाहेर जातां येत नाहीं. राउटर बंद करून पुन्हां चालू करावा, व तो उठल्यावर संगणक पुन्हां सुरू करावा.

(५) वाट व नांवें. 'आयपी रूट' दिल्यास 'डिफॉल्ट' या शब्दापुढें राउटरचा पत्ता दिसतो. प्रथम त्यास 'पिंग' करावें, मग ८.८.८.८ या पत्त्यास, आणि शेवटीं एखाद्या संकेतस्थळाच्या नांवास. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाहीं, तर दोष बहुधा राउटरच्या पलीकडे आहे. तेव्हांच लाइनची तक्रार करावी. आंकड्यांस उत्तर मिळतें पण नांवास मिळत नाहीं, तर नांवांचे पत्ते सांगणारा डीएनएस चुकीचा लिहिला गेला आहे.

कधीं कधीं यंत्र सुरू होतां होतांच थांबतें. पडद्यावर तांबड्या चांदण्या मागेंपुढें सरकतात व शेजारीं सेकंद मोजले जातात. तें बिघडलें असें समजून कित्येक जण बटण दाबून तें बंद करतात. तसें कदापि करूं नये. अर्धवट लिहिलेली फाइल त्यानें नासण्याचें भय असतें. यंत्र पत्त्याची वाट पाहत असतें. या वाट पाहण्यास मर्यादा आहे: सिस्टिमडीच्या स्वतःच्या नेटवर्क-व्यवस्थेंत ती दोन मिनिटें असते, व डेबियनच्या जुन्या पद्धतींत पांच मिनिटें. मुदत संपली कीं यंत्र पुढें जातें. हें रोज घडत असेल तर डेबियनच्या फाइलींत 'ऑटो' या शब्दाऐवजीं 'अलाउ-हॉटप्लग' लिहावें, आणि नेटप्लॅनमध्यें न वापरल्या जाणाऱ्या कार्डास 'ऑप्शनल' ठरवावें. आमच्याकडे वीज जाऊन आली म्हणजे राउटर व संगणक एकदमच उठतात. राउटरला सावध होण्यास अधिक वेळ लागतो, आणि तोंवर संगणक पत्ता मागून थकलेला असतो. यास्तव राउटर आधीं, व त्यानंतर दोन-तीन मिनिटांनीं संगणक, हा नियम पाळावा.

काय बिघडलें हें यंत्र स्वतःहि लिहून ठेवतें. 'सिस्टिमसीटीएल' या आज्ञेपुढें दोन आडव्या रेघा व 'फेल्ड' हा शब्द लिहिल्यास अयशस्वी झालेल्या कामांची यादी मिळते, आणि 'जर्नलसीटीएल -बी' या आज्ञेनें त्या सुरुवातीचा सगळा रोजनामा वाचतां येतो. आमच्या रोजनाम्यांत पहिल्याच दिवसापासून 'ईएन-पी-२-एस-०' हें कार्ड सांपडत नाहीं अशी नोंद होती. ज्यानें तीस वर्षें दुसऱ्यांचे रोजनामे वाचले, त्यानें हा एक वाचला नाहीं, ही चूक माझी.

शेवटीं तीन सूचना करतों. मृगापूर्वींच एका वहींत कार्डाचें नांव, राउटरचा पत्ता आणि फाइलीची नक्कल उतरून ठेवावी. ढग गरजूं लागले कीं विजेची तार व लॅन केबल दोन्ही काढाव्या; केवळ कळ बंद करणें पुरेसें नाहीं. आणि कार्ड बदलणाऱ्या कारागिरास दिवे दाखवून जाऊं देऊं नये. यंत्र बंद करून, पुन्हां सुरू करून, एक सातबारा प्रत्यक्ष काढून दाखविल्यावरच त्याची मजुरी द्यावी.

त्या बाईंस नक्कल मुदतीपूर्वीं मिळाली. लाइनमन चौथ्या दिवशीं आला म्हणून ती मिळाली. आठव्या दिवशीं आला असता तर मिळाली नसती. म्हणून दारांतून कोणासहि परत पाठविण्यापूर्वीं कचेरींत बसणाऱ्यानें या पांच पायऱ्या एकदां चढून पाहाव्या, एवढीच विनंति आहे.