पिसदुऱ्याचे दगडी शेण

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या शिवारात, लालसर मातीत, लांबट-गोल गोटे सापडतात. हाताला दगडच लागतो, पण हे आहे सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे शेण.

ही माती ‘लमेटा’ थरांची. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडले. जबलपूरलाच 1828 मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला भारतातली पहिली डायनोसॉरची हाडे मिळाली. ‘डायनोसॉर’ हे नाव रूढ व्हायला तेव्हा अजून चौदा वर्षे होती!

दख्खनचा लाव्हा पसरण्याआधी इथे नद्या आणि उथळ तळी होती. त्यांनी आणलेला गाळ साचून चिकणमाती, वालुकाश्म, चुनखडीचे थर झाले. त्यातला कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, त्या काळच्या कोरड्या ऋतूंची साक्ष देतो. पुढे वर लाव्हाचा काळा पाषाण चढला आणि थर झाकले गेले. पाषाण झिजून गेला तिथेच ते आज उघडे पडतात. पिसदुऱ्यापासून फार लांब नसलेल्या डोंगरगावला याच थरांत ‘आयसीसॉरस’ या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मिळाला.

पण खरी खळबळ उडवली ती शेणाने.

गवताच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठतात. धानाच्या पात्याने बोट कापते, त्यामागेही हीच सिलिका असते. पान कुजते, कण टिकतात. आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या गोट्यांतले असे कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ताड आणि सूचिपर्णी वृक्षांच्या अवशेषांबरोबर तिथे चक्क गवत निघाले, तेही निदान पाच प्रकारचे. 2005 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा शोध छापून आला. तोवर डायनोसॉर गवत खात असतील, असे कोणी फारसे धरत नव्हते. गवताचे खात्रीचे जुने पुरावे डायनोसॉर नामशेष झाल्यानंतरचे होते.

शेण नेमके कोणाचे, हे मात्र हाडांच्या शेजारावरूनच ठरवावे लागते. तिथे टायटॅनोसॉरची, म्हणजे आयसीसॉरसच्याच गटातल्या डायनोसॉरांची, हाडे सापडतात, म्हणून बोट त्यांच्याकडे जाते. गवत हा त्यांच्या आहाराचा लहानसाच भाग असावा.

2011 मध्ये याच गोट्यांत भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कण ओळखले गेले. त्या काळी भारत समुद्राने वेढलेला, आशियाच्या दिशेने सरकणारा भूखंड होता. मग इथे इतक्या तऱ्हांचे गवत आले कुठून? भारत इतर दक्षिणी भूखंडांपासून तुटण्याआधीच गवताच्या शाखा फुटल्या असाव्यात, असे या संशोधकांचे म्हणणे आहे.