काचेच्या पेटीतला मासा: मोबाईलवरून मागवायचा की दुकानातून आणायचा?



आमचं काम तलावातल्या माशांचं. कटला, रोहू, मृगळ. काचेच्या पेटीतले रंगीत मासे आम्ही विकत नाही. पण नावात मच्छीमार आहे म्हटल्यावर लोक आम्हालाच विचारतात. मुलाने हट्ट धरलाय, अ‍ॅक्वेरियम घ्यायचंय, मोबाईलवर स्वस्त दिसतात, मागवू का? की इथल्याच दुकानातून घेऊ? पांढुर्ण्यातून विचारतात, सौसरमधून विचारतात, खेड्यावरचे पोट्टेही विचारतात. एकेकाला सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकावं असं ठरलं.

आमचं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. मासा जिवंत पाहून, जवळून घ्यावा. डबा, मोटर, फिल्टर, खाद्य हे खुशाल ऑनलाइन मागवा. आणि कुठूनही घेतला तरी तो मासा पुढे नदी-तलावात सोडू नका. का, ते आता सविस्तर.

पिशवीत काय होतं?

जिवंत मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणं हे आमचं दर पावसाळ्यातलं काम आहे. मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली आणायची, तलावात सोडायची. प्लास्टिकच्या पिशवीत साधारण एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन भरून तोंड घट्ट बांधतात. भरण्याआधी बीज उपाशी ठेवतात, म्हणजे पोट रिकामं होतं आणि पिशवीतलं पाणी कमी घाण होतं. प्रवास शक्यतो रात्री किंवा पहाटे. ऊन चढायच्या आत बीज तलावावर पोहोचलं पाहिजे.

रंगीत मासाही याच पद्धतीने येतो. फरक एवढाच, की आमच्या पिशवीबरोबर गाडीत आमचा माणूस बसलेला असतो. पार्सलबरोबर कोणी नसतं. ते गोदामात पडून राहतं, गाडी बदलतं, उन्हात थांबतं.

पिशवीत माशाला दोन गोष्टींचा त्रास होतो. एक, ऑक्सिजन संपत जातो. दुसरी, त्याच्याच अंगातून निघालेला अमोनिया पाण्यात साठत जातो. पाणी तापलं की दोन्ही वाढतं, कारण गरम पाण्यात माशाचा श्वास वाढतो, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. वरून गरम पाणी ऑक्सिजन धरतं कमी. उघड्या गोड्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३५ अंशाला सुमारे ७ मिलिग्रॅम. आता आपल्याकडचा मे महिना आठवा आणि पार्सलच्या गाडीत दुपारी काय होत असेल त्याचा अंदाज करा.

दूरचं बीज आणि जवळचं बीज

दुरून मासा मागवणं ही काही नवी गोष्ट नाही. आमच्या धंद्यात ती जुनी आहे. एक काळ होता, कटला-रोहूचं बीज तळ्यात तयारच होत नव्हतं. हे मासे वाहत्या नदीत पुरावर अंडी देतात. म्हणून बंगालच्या नद्यांतून बीज गोळा करायचे आणि मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर पाठवायचे. वाटेत पाणी बदलत राहायचे. तरी पुष्कळ बीज मरायचं.

मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगूल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन यशस्वी करून दाखवलं. म्हणूनच १० जुलैला आपण राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस पाळतो. त्यानंतर ठिकठिकाणी बीज केंद्रं उभी राहिली आणि बीज जवळ मिळायला लागलं. या धंद्याने त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं: बीज जितकं जवळचं, तितकं जास्त जगतं. रंगीत माशाला वेगळा नियम नाही.

मासा येतो कुठून?

देशात रंगीत माशांचे मोठे बाजार म्हणजे कोलकाता आणि चेन्नई. कोलकात्यात गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार प्रसिद्ध आहे, चेन्नईत कोलातूर भागात मासे तयार करणारे आणि विकणारे भरपूर आहेत. चेन्नई-दिल्ली रेल्वेमार्ग आपल्या पांढुर्ण्यावरूनच जातो हे खरं. पण गाडी इथून जाते म्हणून पार्सल थेट इथे उतरेलच असं नाही. बहुतेक वेळा ते आधी नागपूरला, मग तिथून पुढे. विकणारा सांगतो दोन दिवस. मोठ्या शहरासाठी ते ठीक असेल. आपल्यापर्यंत शेवटच्या टप्प्यात आणखी एक दिवस गेला तर माशाच्या दृष्टीने तो फार मोठा दिवस असतो.

काही जण म्हणतात, दुकानदारही तर तिथूनच आणतो! बरोबर आहे. दुकानातला मासाही तशाच पिशवीत आलेला असतो. पण प्रवासात जे मरायचे ते मेले, ते नुकसान दुकानदाराने सोसलं. जे उरले ते दुकानात आठ-दहा दिवस टिकले, खायला लागले, आपल्या भागाच्या पाण्याची सवय झाली. दुकानात चार पैसे जास्त देतो ते याचे.

दुकानात काय पाहायचं?

दुकानात गेलात की आधी किंमत विचारू नका. पाच मिनिटं काचेपुढे उभे राहा.

१. मासा पोहतो कसा? कोपऱ्यात तळाशी बसलेला, अंग दगडाला घासणारा, वर येऊन तोंड उघडझाप करणारा मासा घेऊ नका.
२. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, पंख कुरतडल्यासारखे, खवले उभे, पोट आत गेलेलं, असं काही असेल तर त्या टाकीतला एकही मासा नको. टाकी एक म्हणजे पाणी एक, रोगही एकच.
३. टाकीत मेलेला मासा तरंगतोय आणि कोणी काढलेला नाही? नमस्कार करून बाहेर पडा.
४. दुकानदाराला खाद्य टाकायला सांगा. खाणारा मासा घ्या.
५. माल कधी आला ते विचारा. कालच आला असेल तर आठवड्याने या. चांगला दुकानदार स्वतःच तसं सांगतो.

फोटोत यातलं काहीच दिसत नाही. फोटो एका माशाचा, पिशवीत येतो दुसरा. रंगही फोटोत चढवलेला असू शकतो.

पाण्याची गोष्ट

आपल्याकडे बऱ्याच घरी बोअरचं किंवा विहिरीचं पाणी असतं आणि ते जड असतं. तांब्याला, गिझरला पांढरा थर बसतो, तो याचाच. गप्पी, मॉली, प्लॅटी या माशांना जड पाणी चालतं, उलट मानवतं. निऑन टेट्रा, डिस्कस हे मूळचे अमेझॉनकडच्या मऊ पाण्यातले. दुरून मऊ पाण्यातून आलेला मासा आपल्या जड पाण्यात एकदम टाकला तर त्याला झटका बसतो. नळाचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतं. ते २४ तास उघड्या बादलीत ठेवून मगच वापरा.

पेटी नवीन असेल तर पहिल्या दिवशी दहा मासे भरू नका. माशाच्या घाणीतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. आधी एक-दोन कणखर मासे, खाद्य थोडं, आणि धीर धरा.

पैशाचा हिशोब

उदाहरण म्हणून धरू. ऑनलाइन मासा ४० रुपयांना, दुकानात ६० ला. चार मासे घ्यायचे. ऑनलाइन १६० झाले, त्यावर पॅकिंग आणि पाठवणी ३०० धरली तर ४६०. त्यातले दोन मेले तर एक जिवंत मासा पडला २३० ला. दुकानात चारही जिवंत, २४० मध्ये. खर्च मोजायचा तो जिवंत माशावर, यादीतल्या किमतीवर नाही. आम्ही बीजाचाही हिशोब असाच करतो. किती आणलं हा आकडा कागदाचा, किती जगलं हा आकडा जाळ्याचा.

तरी मागवायचाच असेल तर?

एखादी जात इथे किंवा नागपुरात मिळतच नाही, आणि तुम्हाला अनुभव आहे, तर मागवा. पण हे सांभाळा:

- एप्रिल ते जूनचं ऊन आणि डिसेंबर-जानेवारीची कडाक्याची थंडी टाळा.
- आठवड्याच्या सुरुवातीला पाठवायला सांगा. शनिवारी अडकलेलं पार्सल सोमवारपर्यंत पडून राहू शकतं.
- मासा मेलेला आला तर काय, ते आधी लेखी वाचा. बहुतेक जण न उघडलेल्या पिशवीचा व्हिडिओ मागतात, तोही थोड्याच तासांत. पैसे परत मिळाले तरी ते बहुधा माशाचे, पाठवणीचे नाही.
- तक्रारीचं उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पिशवी घरी आली की ती बंदच १५-२० मिनिटं पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान सारखं होईल. एकदा उघडली की मात्र वेळ घालवू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, आणि तशा पाण्यात अमोनिया कमी विषारी असतो. तोंड उघडताच तो वायू निघून जातो आणि साठलेला अमोनिया जहाल होतो. म्हणून पेटीचं थोडं-थोडं पाणी दोन-तीनदा पिशवीत घालून दहा-पंधरा मिनिटांत मासा जाळीने उचलून पेटीत सोडा. पिशवीचं पाणी पेटीत ओतू नका. जमलं तर नवा मासा दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

आता आमच्या पोटाची गोष्ट

हे सगळं तुमच्या माशासाठी झालं. शेवटचं आमच्यासाठी आहे, म्हणून दोन मिनिटं जास्त द्या.

दोन इंचाचा गोंडस मासा घेतला जातो. वर्षभरात तो फूटभर होतो, पेटीत मावत नाही. मारवत नाही, म्हणून पुण्य समजून जाम नदीत, कन्हानमध्ये किंवा गावच्या तलावात सोडून देतात. तो मासा तिथे आमच्या बीजावर जगतो.

एप्रिल २०२३ मध्ये आपल्याच राज्यात, भोपाळच्या मोठ्या तलावात अ‍ॅलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा मासा सापडला होता. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. तो काही स्वतः पोहत आलेला नाही. तिकडे महाराष्ट्रात उजनी धरणात सकर मासा पसरला आहे. काच साफ करतो म्हणून लोक घेतात तोच हा. त्याचे काटे जाळ्यात अडकतात, जाळं फाटतं आणि बाजारात त्याला भाव नाही. दुकानात ‘शार्क’ म्हणून विकतात तो मासा तर बहुतेक वेळा पंगास असतो, दोन-तीन फूट वाढणारा.

रोगाचंही तसंच. गोल्डफिश हा आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळातला. माशाच्या उवा, अंगावरच्या जखमा एकाकडून दुसऱ्याकडे जातात. म्हणून पेटीचं घाण पाणीही तलावात किंवा नाल्यात टाकू नका. झाडांना घाला, झाडं खुश होतील.

१६ जून ते १५ ऑगस्ट आम्ही जाळं बंद ठेवतो, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ. दोन महिने घरात बसून जे राखतो, ते एका सोडलेल्या माशाने खाऊ नये एवढीच विनंती.

घेण्याआधी दुकानदाराला हा प्रश्न नक्की विचारा: हा मासा मोठा किती होतो? आणि दुसरा: नकोसा झाला तर परत घ्याल का? जवळच्या दुकानाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की तिथे परत जाता येतं. कुरियरवाल्याच्या हातात मोठा झालेला ऑस्कर परत देता येत नाही. दुकानदारानेही नाही म्हटलं तर समितीत आणून द्या, काही ना काही व्यवस्था करू. पण पाण्यात सोडू नका.

आणि पोट्ट्यांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. गप्पी, मॉली सिमेंटच्या टाक्यातही सहज पिलं देतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या परसात रंगीत मासे वाढवण्याचं युनिट धरलेलं आहे. मत्स्य विभागाच्या कार्यालयात जाऊन चालू नियम विचारा. सौसरच्या पोराने वाढवलेला मासा पांढुर्ण्याच्या दुकानात विकला गेला, तर तो कोलकात्याहून आलेल्यापेक्षा जास्त जगेल आणि पैसाही इथेच फिरेल.

पोस्ट आवडली तर पुढे पाठवा, विशेषतः ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना.

समितीच्या वतीने,
सचिव